सावली राहिली

छापून आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा प्रकाशकबाईंनी स्वतः फोडला आणि पहिली प्रत चित्रकर्तीला न देता तिच्या आठ वर्षांच्या लेकीच्या हातात ठेवली. "घे बाळा, तुझंच पुस्तक." त्यात खोटं काही नव्हतं. पुस्तकातल्या मुलीसाठी लेकच बसली होती, शाळा सुटल्यावर, खिडकीजवळच्या स्टुलावर, नाक खाजलं तरी न हलता. पुस्तकातली मुलगी गुबगुबीत होती आणि प्रत्येक पानाच्या शेवटी म्हणायची, मी आहे तशी मला आवडते. लेकही तशीच, म्हणून वर्गात तिला खेळायला कोणी घेत नसे. तरी तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बघाच तुम्ही, मी पुस्तकात येणार आहे.

लेकीने एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि तिची अखंड चाललेली बडबड थांबली. चित्रकर्तीने वाकून पाहिलं. ठिपक्यांचा फ्रॉक तोच, सँडलचा लोंबणारा पट्टाही तोच. फ्रॉकच्या आत मात्र भलतीच मुलगी होती. तिला पोटच नव्हतं. गाल बसलेले, दंड काटकुळे.

"हे कोणी केलं?"

प्रकाशकबाई जराही गडबडल्या नाहीत. विक्रीवाल्यांचं म्हणणं पडलं, त्यांनी समजावलं, की आया पुस्तक उचलतात, चित्र बघतात आणि परत ठेवून देतात. म्हणून संगणकावर मुलीला किंचित आवरून घेतलं, बाकी काही नाही. मजकुराच्या एका अक्षराला हात लावलेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. शेवटी संदेश महत्त्वाचा, ताई.

चित्रकर्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मजकूर म्हणतो, आहेस तशी छान. आणि चित्र म्हणतं, आधी अर्धी हो."

बाई हसल्या. कलाकार माणसं हळवी असायचीच, म्हणाल्या. पुस्तक खपलं तर कितीतरी मुलींना धीर येईल, आणि तुम्ही एका चित्राचं काय धरून बसलात?

चित्रकर्ती उत्तर द्यायला वळली आणि तिची नजर लेकीवर गेली. लेक खुर्चीत ताठ बसली होती. श्वास रोखून, पोट आत ओढून, एका हाताने सदरा खाली खेचत. हे तिने घरी कधी केलं नव्हतं. चित्रकर्तीला समोरचं टेबल गठ्ठ्यासकट उलथून टाकावंसं वाटलं. माझी मूळ चित्रं आत्ताच्या आत्ता परत द्या, ती म्हणाली, आणि पुढचं पुस्तक दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या. आवाज एवढा चढला की बाहेरच्या खोलीतलं टाइपिंग थांबलं.

"आई, ही मी आहे," लेक म्हणाली.

तिचं बोट चित्रातल्या मुलीवर नव्हतं, तिच्या मागच्या भिंतीवर होतं. चित्रकर्ती सावल्या नेहमी सगळ्यात शेवटी, वेगळ्या कागदावर रंगवायची. त्या छपाईच्या वेळी चित्राखाली बसवल्या जायच्या. मुलीला कापणाऱ्याच्या ते गावीही नव्हतं. भिंतीवर, झोपाळ्याखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर, त्या वाळक्या पोरीच्या मागे पानोपानी एक गुबगुबीत सावली चालत होती. गोल गाल, गोल पोट, दोन आखूड वेण्या.

लेकीने एक एक पान पुन्हा पाहिलं. मग श्वास सोडला. पोट आपल्या जागी आलं.

प्रकाशकबाईंनी चष्मा लावला, पुस्तक आपल्याकडे सरकवलं आणि जिभेने चक् केलं.

"अगंबाई, सावली राहिलीच की! बरं झालं दाखवलंस, बाळा. पुढच्या आवृत्तीत तीही बारीक करून घेऊ."

चित्रकर्ती खुर्ची मागे ढकलून उठली, पण लेक तिच्याआधी पोचली. तिने टेबलावर ओणवं होऊन दोन्ही पंजे सावलीवर दाबून धरले.

"हिला नाही," ती म्हणाली.

तिने बोटं ताणता येतील तेवढी ताणली होती. तरी सावली चारी बाजूंनी बाहेर उरत होती.