विसावा दिवस

सोपानला दोघांनी जीपमधून उचलून आणलं आणि पॅनलसमोरच्या खुर्चीत बसवलं. त्याचा उजवा हात मांडीवरून घसरला. त्याच्या बायकोने, साळुबाईने, तो उचलून परत मांडीवर ठेवला.

आळेफाट्याजवळच्या या हॅचरीतलं मशीन चौदा वर्षं त्याने सांभाळलं होतं. अंडी उबवणारं, खोलीएवढं मशीन. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. एकेक भाग बिघडत गेला तसा सोपान तो काढून टाकायचा, तिथे वायर जोडून काम भागवायचा. कुठली वायर कुठे जाते याचा कागद कुणाकडेच नव्हता. आज पहाटे कंट्रोलर जळाला. सोपानच्या जागी आलेल्या राजरत्नने नवा बसवला, पण बटण दाबलं की फ्यूज उडत होता. आत नऊ हजार अंडी, विसाव्या दिवसाची. उद्या पिल्लं बाहेर पडायची.

राजरत्न गुडघ्यावर बसला. "सोपानकाका, ही पिवळी हीटरची ना?"

"व्हय," सोपान म्हणाला.

"आणि ही काळी? ही पंख्याची?"

"व्हय."

"का ही हीटरची?"

"व्हय." सोपानचे डोळे भरून आले. तो मान जोरजोरात हलवत होता, नाही नाही म्हणून.

साळुबाई खाली बघत म्हणाली, "दिवाळीत अंगावरनं वारं गेलं, तवापासनं येवढाच शब्द राह्यलाय. समजतं समदं. मढ गावावरनं येताना गाडीत बोटांनी कायतरी मोजत व्हते."

राजरत्नने त्याच्या डाव्या हातात पेन दिलं, पुठ्ठा धरला. सोपानने एक रेघ ओढली. मग दुसरी, तिला कापून जाणारी. तिसरी पुठ्ठ्याबाहेर गेली. त्याने पेन टाकलं आणि पुढे वाकून एक वायर चिमटीत धरली. ओढली.

"ही काढू?"

या वेळी त्याने तोंड उघडलंच नाही. नुसती मान हलवली, वरून खाली.

राजरत्नने वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली, नवा फ्यूज घातला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. दोन क्षण, तीन. मग चट्ट आवाज झाला आणि पंखा थांबला.

तो शेवटचा फ्यूज नव्हता. शेवटचा त्यानंतर उडाला.

आतून द्रौपदा आली. तिथल्या चार कामकरी बायांतली सगळ्यात जुनी. "राजाभाऊ, काटा नव्याण्णववरनं अठ्ठ्याऐंशीवर आला. शेगड्या पेटवल्यात, पर ऊब कोपऱ्यापातूर जात न्हाई."

राजरत्न पॅनलकडे बघत राहिला. आत वायरींचा गुंता, कुठे चिकटपट्टी, कुठे सुतळी. "काका, निदान लिहून तरी ठेवायचं," तो म्हणाला. आवाज चढला होता.

"दर दसऱ्याला हे मालकसायबाला म्हणायचे," साळुबाई म्हणाली. "येकदा मशीन बंद ठिवू, समदं उघडून नीट करू. सायेब म्हणायचे, चालतंय न्हवं?"

सोपानने डाव्या मुठीने स्वतःच्या कपाळावर मारलं. एकदा, दोनदा. साळुबाईने ती मूठ धरली. मग तो उठायला बघू लागला. राजरत्नने त्याला काखेत धरून आत नेलं.

शेगड्यांची ऊब शिरावी म्हणून मशीनचं दार उघडं ठेवलं होतं. सोपानने वरच्या ट्रेमधून एक अंडं उचललं, कानाला लावलं. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग स्वेटरचा गळा ओढून ते आत, छातीशी सरकवलं.

साळुबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिने दोन अंडी घेतली, पदराखाली पोटाशी धरली. द्रौपदानेही घेतली. मग बाकीच्या तिघी आल्या.

राजरत्नने शर्टाची दोन बटणं काढली.

सगळ्यांच्या अंगाशी मिळून चाळीसेक मावली. उरलेल्या ट्रेमधून बारीक टकटक चालूच होती, आणि कुणाचेच हात मोकळे नव्हते.