झेंडूंमधला फोटो

आईला वृद्धाश्रमात टाकून विसरलेल्या मुलाला तिचं भूत छळतं, असा भयपट वाहाका शहरातल्या एवारिस्तोनं काढला. त्यात मृतांच्या दिवसाची, म्हणजे मेलेल्यांचा फोटो झेंडूंमध्ये ठेवून ताट वाढायची आरास दाखवायला सामान घरचंच वापरलं. वडिलांचा आत्मा जेवायला यावा म्हणून दरवर्षी दोन नोव्हेंबरला तो घरी अशी आरास न चुकता मांडायचाच. फक्त मेलेल्या म्हातारीचा फोटो ऐनवेळी मिळेना, म्हणून त्यानं आपल्या जिवंत आईचाच ठेवून दिला.

सिनेमा गाजला. ज्या वृद्धाश्रमात आई होती, तिथंही तो दाखवायचं ठरलं, तेव्हा कुठं तीन वर्षांनी एवारिस्तो तिच्या शेजारी येऊन बसला. पडद्यावर झेंडूंमध्ये तिचा फोटो दिसला आणि हॉलमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. तो ओशाळून कुजबुजला, "आई, चुकलंच माझं. जिवंत माणसाचा फोटो तिथं ठेवायला नको होता. काढून टाकतो मी तेवढा प्रसंग."

आईनं त्याचा हात थोपटला. "असू दे रे तिथंच."

 

"मेलेल्यांची तू वर्षातून एकदा वाट तरी बघतोस."