फिकट निळी खोली

मी पाळण्याचे स्क्रू काढायला बसलो, तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली.

बाळासाठी फ्रेंच पद्धतीची खोली ही माझ्या बायकोची, मृण्मयीची हौस. फिकट निळ्या भिंती, पांढरा नक्षीचा पाळणा, वर झिरझिरीत पडदा. "जन्माआधी पाळणा आणू नये," असं आई म्हणालीही होती. आता बाळ दोन महिने आधीच आलंय, दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे.

"तुझंच खरं झालं," मी म्हणालो.

आई स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. त्याला टोपडं घातलं आणि बारशाला ठेवतात तसा पाळण्यात ठेवला.

"रिकामा बरा नाही दिसत. बाळ येईपर्यंत हा झोपेल," ती म्हणाली. "आणि ती भिंत रंगवायची अर्धीच राहिलीय. मृण्मयी बघेल तर तुलाच बोलेल."

मी ब्रश उचलला.