साळूचा पाय

अंबाबाईनं साळू घोडीच्या पुढच्या डाव्या पायावरून हात खाली आणला आणि पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. नळीच्या मागची शीर गरम लागत होती.

बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटाच्या तोंडाशी माणसांची रेटारेटी चालली होती. भोंग्यावर धर्माजीच्या गाड्याचं नाव पुकारून झालं होतं. आता घोडी पुढं धावणार, मागून बैल सुटणार. घोडीवर बसणार होता जानकू, अंबाबाईचा धाकटा दीर, दोन लेकरांचा बाप. पळता पळता घोडीचा पाय गेला तर मागचे बैल थोडेच थांबणार होते?

"अवं, जरा हिकडं या," तिनं नवऱ्याला हाक मारली. "पाय गरम हाय हिचा."

"उन्हात उभी हाय, गरमच लागंल," धर्माजी म्हणाला. "चार महिनं पावडर खातीय. डॉक्टरांनी एक चमचा सांगितला, म्या दोन घालाया लावलं. सूज दिसती का कुठं?"

सूज दिसत नव्हती, हे खरं. पावडर अंबाबाईच कोंड्यात कालवून घालायची. पण चार महिन्यांपूर्वी साळूच्या या पायाची शीर तुटली, तेव्हाचं ओतूरच्या डॉक्टरांचं बोलणंही तिनं कान देऊन ऐकलं होतं. व्हिटॅमिनच्या पावडरीची मदत होईल, पण तुटलेली शीर भरायला दिवस लागतात ते लागतातच. आठ-नऊ महिने पळवू नका.

"उजवा पाय गार हाय," ती म्हणाली. "दोन्हीला हात लावून बगा."

धर्माजी वाकला. आधी एक पाय चाचपला, मग दुसरा. उठला तेव्हा त्याची नजर अंबाबाईकडं नव्हती.

"आता नाव पुकारलंय. समदा गाव बघतोय."

जानकू रिकिबीत पाय घालून वर बसला. अंबाबाईनं पुढं होऊन लगाम धरला. चारचौघांत तिनं नवऱ्याला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. आता तिनं लगाम मुठीत आवळला, तशी घोडीच्या तोंडातली कडी खुळखुळली.

"सोड," धर्माजी दबक्या आवाजात म्हणाला.

"सोडते. पर घरी जाऊन शीलाला काय सांगू, त्येवढं आधी सांगा."

शीला म्हणजे जानकूची बायको. धर्माजीनं बैल धरलेल्या माणसांकडं पाहिलं, भोंग्याकडं पाहिलं. मग घसा खाकरून ओरडला, "सोडा गाडा! घोडी न्हाई!"

बैल सुटले. निम्म्या घाटात त्यांची चाल मंदावली. पुढं घोडी दिसेना, तसे ते माना वळवून इकडंतिकडं बघू लागले. गर्दीत हशा पिकला. धर्माजी खाली मान घालून गाड्यामागं चालत गेला.

जानकू घोडीवरून उतरला. अंबाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी साळूच्या डाव्या पायावर ओतलं.

"मलाबी सकाळीच गरम लागला व्हता, वैनी," तो म्हणाला.