निळी पँट

लेक गणवेशाऐवजी निळी पँट घालून गेली, म्हणून सरकारी शाळेने तिला घरी पाठवले आणि आईने शाळेला कोर्टात खेचले. दोन वर्षे लेक घरीच शिकली. आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली. आज निकाल लागला: शाळेला गणवेश ठरवता येतो, परंतु त्यापायी मुलीला वर्गाबाहेर ठेवता येत नाही.

आई चपला काढून भिंतीला टेकली. "जिंकलो गं. उद्या खुशाल पँट घालून जा."

लेकीने जुना गणवेश अंगाला लावून पाहिला. तो बराच आखूड झाला होता.

"नवा शिवूया, आई. त्या दिवशी हा वाळला नव्हता, एवढंच."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"वकीलकाका म्हणाले होते, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कुणी विचारलंच नाही."