जाण्याची भाषा

समीक्षाने पुन्हा तेच वाक्य म्हटलं आणि पुन्हा ते मधेच अडकलं. घशातून काढायचा तो जर्मन उच्चार काही केल्या जमेना. ती उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली.

"काय गो, जेवचा नाय?" आतून आईची हाक आली.

"आधी शब्द विचार ना!"

समीक्षाची आई शर्मिला मालवणातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. हल्ली तिला ड्युटीवरून यायला उशीर व्हायचा. बांगडे तसेच ठेवून, हात धुऊन तिने शब्दांची यादी असलेला लेकीचा मोबाइल घेतला. आठवीपासून हेच चाललं होतं. आईने मराठी शब्द विचारायचा, समीक्षाने जर्मन सांगायचा. चुकलं की समीक्षा पाय आपटायची.

"माका ह्यातला काय कळता?" शर्मिला हसून म्हणायची. पण विचारत राहायची.

मालवणी समीक्षाने सातवीतच टाकली होती. पुण्याच्या मावसबहिणी तिच्या बोलण्याला हसल्या, तेव्हापासून. घरात पुस्तकी मराठी, वर्गात इंग्रजी. दोन्हीकडे तिला आपण कुणाची तरी नक्कल करतोय असं वाटे. जर्मनमध्ये मात्र तिला हसणारं गावात कुणी नव्हतं.

शनिवारी जर्मनच्या क्लासच्या सरांचा फोन आला. दहावीनंतर वर्षभर जर्मनीतल्या शाळेत शिकण्यासाठी तिची निवड झाली होती. आईबाबांची संमती तेवढी हवी होती.

आनंद तिला धड झालाच नाही. बाबा ट्रॉलरवर, आठवडा आठवडा समुद्रात. आई एकटी पडणार. दिवसभर ती घरात येरझाऱ्या घालत राहिली. संध्याकाळी मनाशी अख्खं भाषण जुळवून ती ओट्याशी गेली. तोंड उघडलं आणि त्यातला एकही शब्द आठवेना.

"आये," ती म्हणाली, "माका हंय ऱ्हवचा नाय. जर्मनीत माझा नंबर लागलो. तुका सोडून जावचा लागतला. माझ्यार रागाव नको."

एवढ्या वर्षांनी लेकीच्या तोंडून मालवणी ऐकून शर्मिला थबकली. तिने गॅस बंद केला. समीक्षाला जवळ घेतलं आणि तिच्या नजरेला नजर न देता, कुठेही न अडखळता, स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "तिथल्या इस्पितळाने मलाही बोलावलंय. पुढच्या महिन्यात मी गेले, तर चालेल तुला?"