पंधरा दिवसांची सोय

घरातल्या काचेच्या टाकीत मासे होते आणि दोन पाणबेडूकही. माशांच्या अंगावर परजीवींचे पांढरे ठिपके उठले होते. सुनेने फोन केल्यावर माशांच्या दुकानदाराने बजावलं, "औषधाने मासे बरे होतील, पण बेडकांची कातडी नाजूक, ते मरतील. पंधरा दिवस त्यांना वेगळं ठेवा."

सुनेने दोन्ही बेडूक अलगद उचलून पाण्याच्या टबात सोडले. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून, गेली तीन वर्षं, ती स्वतः मात्र कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेली नव्हती.

सासूबाई पलंगावरून सगळं बघत होत्या. "पंधरा दिवसांत मासे सुधारतील?"

"हो आई, अगदी ठणठणीत होतील."

दुपारी सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती. सासूबाईंनी लेकीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा स्पीकर कायम चालूच असायचा.

"मला पंधरा दिवस तुझ्याकडे ने गं. ही पोर पार वाळून गेलीय. जरा माहेरी जाऊन येऊ दे तिला."

"आई, आमच्याकडे जागा कुठे आहे? आणि तुझं सगळं करणार कोण?" नणंदेचा वैतागलेला आवाज थेट गॅलरीपर्यंत आला.

बऱ्याच वेळाने सून डोळे कोरडे करून आत आली.

 

"लेक केव्हाची ये ये म्हणतेय," सासूबाई हसत म्हणाल्या, "पण मीच नको म्हटलं. मला बाई तुझ्याशिवाय करमत नाही."